मुळा उरकू दे

२९ ऑक्टोबर, मंगळवार

नमस्कार-चमत्कार नंतर. आधी हे लिहून ठेवते की या घरात माझ्या वाटीच्या बुडाला लाल ठिपका लावलाय. मिनोरीच्या नखांना लावायच्या रंगाचा. वाटीला, चहाच्या पेल्याला आणि जेवायच्या काड्यांनासुद्धा. माझी भांडी आता वेगळी घासतात. साठ वर्षं या घराला मी जेवू घातलं आणि आज माझी वाटी मांजराच्या थाळीसारखी बाजूला.

हे सुनेचं काम. रित्सुको. तोंडाने एक शब्द बोलणार नाही, ठिपका मात्र लावेल.

तर वही, नमस्कार. शेतकरी संघाने वाटलेली तू आणि मी तोमे, वय त्र्याऐंशी. माझी शाळा चौथीत सुटली. धाकटी बहीण पाठीला बांधून वर्गात बसायचे, ती रडायची, मास्तरांनी दोघींनाही बाहेर काढलं. त्यामुळे अवघड अक्षरं मला येत नाहीत, सोप्या अक्षरांत भागवते. मागे मुळ्याचा नि मिठाचा हिशेब ठेवायला एक वही होती. ही भांडणाचा हिशेब ठेवायला.

भांडण असं. नात मिनोरी बाळंतपणाला माहेरी आलीय. नवरा जहाजावर, फेब्रुवारीशिवाय येत नाही. पाच तारखेला मुलगी झाली, नाव सुझु. मिनोरीला गेल्या वर्षी पोटात व्रण झाला होता. सेंदाईच्या डॉक्टरांनी कॅमेरा घातला तेव्हा पोटाच्या अस्तरात जंतू सापडला. औषध घेतलं, गेला. इथवर ठीक. पण परवा जेवताना ती सांगते काय, तर हा जंतू लहानपणीच लागतो म्हणे, घरातल्या मोठ्यांच्या तोंडातून.

रित्सुकोने वाटी खाली ठेवली. म्हणाली, "आई तुला चावून भरवायच्या."

मला नाही म्हणाली. मिनोरीला म्हणाली. मी समोर बसले होते.

भरवायचेच चावून! ही सून बाळंतपणानंतर तिसऱ्या महिन्यात कारखान्यात रुजू झाली, रेडिओचे भाग जोडायला. मग पोरीला कोण भरवणार? माशाचे काटे काढायचे, भाताशी चावून मऊ करायचं आणि द्यायचं तोंडात. माझ्या सासूने असंच केलं, तिच्या सासूने असंच केलं. पोरं मोठी झाली ना?

आता खरं दुखणं. बारा जानेवारीला सुझुला शंभर दिवस होतात. त्या दिवशी बाळाचा पहिला घास. बाळ काही खात नाही, नुसता प्रत्येक पदार्थ काडीने ओठाला लावायचा, म्हणजे जन्मभर अन्नाला तोटा पडत नाही. मुलगी असेल तर काड्या घरातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या बाईने धरायच्या, तिचं आयुष्य बाळाला मिळावं म्हणून. मिनोरीच्या वेळी माझी सासू जिवंत होती, काड्या तिने धरल्या. मी मासा धरून बसले होते. अठ्ठावीस वर्षं मी या पाळीची वाट बघतेय.

रित्सुको म्हणते, जंतू जाईपर्यंत नाही.

३१ ऑक्टोबर, गुरुवार

शेजारची किसा आली. माझ्याहून तीन वर्षांनी मोठी. कान गेले, जीभ शाबूत.

"तोमे, तुझ्या पोटात किडे झाले म्हणतात."

"किडे नाहीत, जंतू. आणि तुझ्याही पोटात असणार. एका विहिरीचं पाणी प्यायलोय आपण."

"माझ्या पोटात साकेची दारू असते. तिथे काय जगणार?"

मिनोरी हसून हसून लाल झाली. रित्सुको तेवढ्यात चहा घेऊन आली. माझा पेला वेगळा ठेवला. किसाने तो उलटा करून बुडाचा ठिपका बघितला आणि म्हणाली, "अगं, हे तर छान दिसतं."

३ नोव्हेंबर, रविवार

पोट जळतं म्हणजे जंतू असं असेल, तर या खोऱ्यात माणसं कमी आणि जंतूच जास्त. माझं तीस वर्षं जळतंय. पांढरी पूड घेतली की थांबतं.

शोजीचंही जळायचं. माझा मुलगा, रित्सुकोचा नवरा. त्याला जाऊन सहा वर्षं झाली. पोटाचा कर्करोग, एक्कावन्नाव्या वर्षी. आदल्या वर्षी ऑक्टोबरात म्हणाला होता, आई, दवाखान्यात जाऊन येतो. मी म्हटलं, मुळा उरकू दे, मग जा. मुळा उरकला तोवर बर्फ पडलं, मग नवीन वर्ष आलं, दवाखान्यात फेब्रुवारीत गेला. हिवाळ्यात तोक्योला बांधकामावर जायचा, तिथे हवं ते खायचा. त्यानेच पोट बिघडलं त्याचं. बाहेरचं खाणं वाईट.

रित्सुकोने आज कॅमेऱ्याची वेळ ठरवली. मला विचारलं नाही. नियमच आहे म्हणते, आधी कॅमेरा घालून अस्तर बघायचं, मगच औषध. बुधवारी.

जाईन. घाबरते की काय.

४ नोव्हेंबर, सोमवार

देवळात जाऊन खडा आणला. पहिल्या घासाला देवळाच्या अंगणातला गोल खडा लागतो, काडी त्याला टेकवून बाळाच्या हिरड्यांना लावायची, दात दगडासारखे होतात. जानेवारीत अंगणावर माणूसभर बर्फ असतं, तेव्हा कोण उकरणार? म्हणून आजच. पांढरा, कबुतराच्या अंड्याएवढा. कामाच्या एप्रनच्या खिशात ठेवलाय. कुणाला सांगितलं नाही. उगाच म्हणतील, म्हातारीला घाई झालीय.

६ नोव्हेंबर, बुधवार

फजिती झाली. लिहायला नको वाटतं, पण लिहिते.

काल रात्री नऊनंतर काही खाऊ नका, असं सांगितलं होतं. खाल्लं नाही. सकाळी उठले, तोंड धुतलं, लोणचं मुरवायच्या कोंड्याच्या पिपात हात घातला. हे पीप रोज सकाळी ढवळावं लागतं, नाहीतर कोंडा सडतो. ढवळलं की सलगमाची एक फोड काढून चाखायची, मीठ बघायचं आणि थुंकायची. साठ वर्षांची सवय.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई कुसाकाबे. मिनोरीएवढी पोरगी, चष्मा, हात मात्र शांत. विचारलं, "आजी, सकाळपासून काही खाल्लं?"

"नाही."

रित्सुकोने माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीकडे पाहिलं.

पांढरं पाणी प्यायला दिलं, नाकात औषध सोडलं, डाव्या कुशीवर निजवलं. मग ती नळी. शेवयांएवढी जाड, टोकाला दिवा. नाकातून घातली. नाकातून घातल्यामुळे बोलता येतं, आणि समोरच्या पडद्यावर आपलंच पोट दिसतं. गुलाबी, ओलं, वळ्यावळ्यांचं. मी बघतेय, तर मधोमध एक पांढरी चकती.

"आजी," बाई म्हणाल्या, "हे काय आहे?"

"तुम्ही डॉक्टर. तुम्ही सांगा."

"मला तर ही सलगमाची फोड वाटते."

मागून रित्सुकोचा आवाज आला. खोकला असेल, हसू असेल.

चांगली लागली म्हणून गिळली गेली असणार. नवऱ्यापुढे खोटं बोलले, सासूपुढे बोलले, मतं मागायला येणाऱ्यांपुढे तर दरवेळी बोलते. पण ती नळी थेट आत जाऊन बघते. तिच्यापुढे काय करणार?

सोमवारी परत या म्हणाल्या. गाडीत रित्सुको म्हणाली, "मीठ बरोबर होतं का?"

"थोडं कमी."

११ नोव्हेंबर, सोमवार

आज पीप रित्सुकोने ढवळलं. मला स्वयंपाकघरात येऊ दिलं नाही.

नळी घातली. पोट रिकामं. डॉक्टरीणबाई पडद्यावर बोट ठेवून दाखवत होत्या. अस्तर जाड आणि गुळगुळीत असायला हवं, माझं झिजून पातळ झालंय, खालच्या शिरा दिसतात. मला तर आमची जुनी चटई आठवली, उंबऱ्याजवळची, जिच्यातून दोरे दिसतात.

"त्र्याऐंशी वर्षं वापरलंय," मी म्हटलं.

"वापरामुळे नाही आजी, जंतूमुळे. वर्षानुवर्षं तो आत सूज धरून बसतो. अशा अस्तरावर पुढे कर्करोग होऊ शकतो. तुम्हाला आता तसं काही नाही, पण दर वर्षी बघत राहू."

रित्सुको तेव्हा खिडकीपाशी गेली. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं, गाड्या लावायची जागा.

मग नळीतून बारीक चिमटा घालून अस्तराचा कण काढला. दुखलं नाही. तो कण पिवळ्या पाण्यात टाकला. जंतू असेल तर पाणी लाल होतं. मी चहाला बसते न बसते तोच लाल झालं. आलुबुखार मिठात घालून वर लाल पाला टाकला की पाणी असंच चढत जातं. पण आमचं पाणी चढायला दिवस लागतात. म्हणजे जंतू भरपूर.

"या वयात औषध सोसेल का, तुमची इच्छा असेल तरच देऊ," बाई म्हणाल्या.

"इच्छा सोडा. बारा जानेवारीच्या आत जाईल का ते सांगा."

कशासाठी ते सांगितलं. त्या म्हणाल्या, न चाखता, न चावता काडी ओठाला लावली तर बाळाला काही होत नाही. मी रित्सुकोकडे वळून पाहिलं. ऐकलंस?

रित्सुको म्हणाली, "धोका नसेल. भीती माझी आहे."

मी म्हटलं, द्या औषध.

सात दिवसांच्या गोळ्या. एका दिवसाचं एक पाकीट, सकाळच्या आणि संध्याकाळच्या वेगळ्या. एकही चुकवायची नाही, असं तीनदा सांगितलं. मी काय बहिरी आहे का. बहिरी किसा.

१४ नोव्हेंबर, गुरुवार

जीभ गेली.

दोन दिवस गोळ्या घेतल्या आणि तोंडात गंजका खिळा ठेवल्यासारखं झालं. चहा खिळा, भात खिळा, मिसोचं सार खिळा. आणि नेमका आज मुळा झोपडीतून उतरवायचा. नऊ घरांचा मुळा आमच्याच झोपडीत धुरावर टांगतात, चार दिवस, चेरीच्या लाकडाचा धूर. रंग चढला की त्याच दिवशी कोंड्या-मिठात दाबावा लागतो. एक दिवस थांबलं तर कडक होतो. चौदा पिपं, आणि मीठ किती ते माझी जीभ सांगते. वजनकाट्यावर आमचं कधी झालं नाही.

रित्सुको म्हणाली, "मी चाखू का?"

"तू? तुझ्या माहेरी लोणच्यात मुठीने साखर घालतात."

तिने कोंड्याचं पोतं पुढे ओढलं.

तर मी असं केलंय. आज आणि उद्याच्या गोळ्या घ्यायच्या नाहीत. जीभ परत आली की मीठ घालून टाकते, मग पुन्हा सुरू. जंतू तीस वर्षं बसलाय, दोन दिवसांत काय पळून जातोय. दोन्ही पाकिटं एप्रनच्या खिशात ठेवली, खड्याशेजारी.

१६ नोव्हेंबर, शनिवार

चौदाही पिपांवर दगड ठेवले. काल जीभ परत आल्यासारखी वाटली. संध्याकाळी कंबर धरली म्हणून शेवटच्या दोन पिपांना आडवी झाले, ती रित्सुकोने भरली. आज गोळ्या पुन्हा घेतल्या. एप्रन झोपडीतल्या खुंटीला अडकवला. वर्षाचं काम संपलं.

१७ डिसेंबर, मंगळवार

महिनाभर लिहिलं नाही, लिहिण्यासारखं नव्हतं. बर्फ पडलं, उपसलं, पडलं. सुझु आता आवाजाकडे मान वळवते. माझ्या आवाजाकडे जास्त, कारण घरात मोठा तोच.

आज जंतू गेला का ते बघायला बोलावलं. या वेळी नळी नाही. पिशवीत फुंकायचं, एक गोळी गिळायची, कुशीवर पडायचं, उठून बसायचं, वीस मिनिटांनी दुसऱ्या पिशवीत फुंकायचं. जंतू असेल तर श्वासात कळतं म्हणे. शुक्रवारी फोन करतो म्हणाले.

२० डिसेंबर, शुक्रवार

रित्सुको कोंबड्यांकडे होती, मिनोरी बाळाला अंघोळ घालत होती. फोन वाजला, मी उचलला.

"तोमेआजी का? जंतू अजून आहे. दुसरं औषध सुरू करायला मंगळवारी या."

"बरं," म्हटलं आणि ठेवला.

रित्सुको पाय झटकत आत आली. "कुणाचा फोन?"

"चुकून लागला होता."

"दवाखान्यातून नाही आला?"

"नाही."

का असं बोलले ते माहीत नाही. बारा जानेवारीला तेवीस दिवस राहिलेत. औषध एक आठवडा, मग चार आठवडे थांबायचं. बोटांवर मोजता येतं. बसत नाही.

औषधच नकली असणार.

२२ डिसेंबर, रविवार

वर्षअखेरीची साफसफाई. रित्सुकोने झोपडीतले एप्रन धुवायला आणले.

दुपारी पितरांच्या देव्हाऱ्यात भात ठेवायला गेले, तर शोजीच्या फोटोपुढे दोन पाकिटं. त्यांच्या शेजारी तो खडा, स्वच्छ धुतलेला, खाली कागदाची घडी घालून.

मी तिथेच बसले. रित्सुको मागून आली आणि शेजारी बसली. चहा घेऊन आली होती, दोन पेले.

"फोन आला होता ना, शुक्रवारी?"

"हो."

"आहे अजून?"

"आहे."

"जिभेसाठी सोडल्या गोळ्या?"

"मीठ कोण बघणार होतं? नऊ घरांचा मुळा."

ती फोटोकडे बघत होती. शोजीचा फोटो लग्नातला कापून काढलाय, खांद्यावर कुणाचा तरी हात दिसतो.

"त्या वर्षीही मुळाच होता, आई," ती म्हणाली.

  चहा गार झाला, तसाच प्यायले.

मग तिने सांगितलं, की तो गेल्यावर दोन महिन्यांनी तिने स्वतः जाऊन कॅमेरा घालून घेतला होता. एकटीने. जंतू निघाला, औषध घेतलं, गेला. डॉक्टरांनी तेव्हाच सांगितलं होतं, घरात कुणाकुणाला असेल बघा.

"सहा वर्षं?" मी म्हटलं. "सहा वर्षं तोंड शिवून बसलीस?"

"सांगायचं म्हणजे सगळंच सांगावं लागलं असतं."

"मग सांगायचं. भांडायला सहा वर्षं मिळाली असती."

तिला हसू आलं नाही. मलाही नाही. संध्याकाळी ती मंगळवारची गाडी सांगायला गेली.

शोजीलाही मी चावूनच भरवलं होतं. हे लिहायचं नव्हतं. लिहिलं.

२४ डिसेंबर, मंगळवार

नवीन गोळ्या. डॉक्टरीणबाईंपुढे मीच सांगितलं, दोन दिवस सोडल्या म्हणून. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, अर्धवट घेतल्या की जंतू औषधाला सरावतो, म्हणून या वेळी औषध बदललंय. आणि या औषधावर साके अजिबात नाही, नवीन वर्षाचीसुद्धा नाही, तीन तारखेपर्यंत तरी. हे ऐकून किसाला माझी खरी दया आली.

येताना गाडीत रित्सुको रस्त्याकडे बघत म्हणाली, "आई, घास एक फेब्रुवारीला करू. एकशेविसाव्या दिवशी. आमच्या माहेरी तशी रीत आहे. उशिरा केला की बाळाला जास्त आयुष्य मिळतं म्हणतात."

तिचं माहेर डोंगरापलीकडे, तिथे सगळंच उशिरा. भातही उशिरा लावतात. म्हटलं, "कर तुला हवं ते."

वीस दिवस पुढे ढकललं की म्हातारी तोवर गार होईल, असा बेत असेल.

१ जानेवारी, बुधवार

जन्मात पहिल्यांदा पाण्याने नवीन वर्ष सुरू केलं. मिनोरीने माझ्या पेल्यात गरम पाणी ओतलं आणि सगळ्यांनी आपापले पेले उचलले. रित्सुकोच्या पेल्यातही पाणीच होतं. ती म्हणाली, डोकं दुखतंय. डोकं दुखत होतं तर सकाळपासून बर्फ कशाला उपसत होती?

सारात मीठ तिने बघितलं. माझ्या तोंडात अजून खिळा. तिने चमच्यात घेऊन चाखलं, थोडं थांबली, चिमूट घातली. मी वाटी पुढे केली. सगळ्यांनी दोनदा घेतलं.

सगळ्या गोळ्या संपल्या आहेत. पाकिटं रित्सुकोने मोजली नाहीत. मीच तिच्यापुढे टाकली, सातही.

१० जानेवारी, शुक्रवार

पहिलं पीप उघडलं. मुळा सोनेरी, वास बरोबर. किसाला चकती दिली. चावत राहिली.

"यंदा खारट झालंय, तोमे."

"तुझी जीभ गेलीय."

"कान गेलेत. जीभ आहे."

मिनोरीने चाखलं, पाणी प्यायली, आणि आजी छान आहे म्हणाली. खोटं बोलायला माझ्याकडून शिकली असेल. दुसरं उघडलं, तेही खारट. तिसरं, तेही. तेव्हा जीभ परत आली असं मला वाटलं होतं, आली नव्हती. म्हणजे गोळ्या सोडल्या त्याही फुकट.

तेरावं आणि चौदावं चांगलं निघालं. फार चांगलं. ती दोन रित्सुकोने भरली होती. साखर तिने घातलेली नाही, हेही लिहून ठेवते.

किसा जाताना दारात जोडे घालत म्हणाली, "एकशेविसाव्या दिवशी घास? ही कुठली रीत काढलीत?"

"तिच्या माहेरची."

"छे. माझी धाकटी बहीण तिथेच दिलीय. साठ वर्षं राहतेय. तिथेही शंभराव्याच दिवशी करतात."

मग रित्सुको खोटं का बोलली? तिला खोटं बोलायची सवय नाही. विचारायला स्वयंपाकघरात गेले. ती वाट्या पुसून मांडत होती, माझी वाटी तिच्या वाटीत घालून. बुडाचा लाल ठिपका घासून घासून गेलाय. पुन्हा कुणी लावला नाही.

विचारलं नाही.

२८ जानेवारी, मंगळवार

पिशवीत फुंकून आले. या वेळी इतक्या जोरात फुंकलं की नर्स म्हणाली, आजी, फुगा फुटेल. फुटू दे. शुक्रवारी सकाळी फोन, नऊ ते बारा.

३० जानेवारी, गुरुवार

परवा घास. लाल मासा सांगून ठेवलाय, शेपटीसकट यायला हवा. लाल चवळी उद्या रात्री भिजत घालायची. सार रित्सुकोच्या हातचं. मुळा तेराव्या पिपातला, बाराव्यातला चुकूनही नाही.

आज दुपारी मी खडा तिच्या हातात ठेवला. म्हटलं, "जंतू गेला नसेल तर काड्या तू धर. एकसष्ट म्हणजे काही कमी वय नाही."

"आणि गेला असेल तर?"

"तर मी धरीन. विचारतेस काय?"

तिने खडा कागदात गुंडाळला. म्हणाली, "डॉक्टरीणबाई तर म्हणाल्या होत्या, तशीही भीती नाही."

"भीती तुझी आहे," मी म्हटलं. "ती तशी राहू दे. काय असेल ते नीट कळू दे आधी."

सुझु मध्ये पडून आमच्याकडे आळीपाळीने बघत होती. वरच्या ओठावर दुधाची रेघ. मिनोरीसारखी दिसते, आणि मिनोरी शोजीसारखी.

आता उद्याचं, सगळ्यांनी वाचावं म्हणून मोठ्या अक्षरांत लिहून फोनशेजारी लावते. उद्या फोन वाजला की मिनोरीने धावायचं नाही, तिने बाळाकडे बघायचं. किसा सकाळपासून येऊन बसणार आहे, तिने तर हातही लावायचा नाही, तिला एक सांगतील आणि ती दुसरंच ऐकेल. मी उचलणार नाही. माझ्या हातात फोन गेला की काय होतं ते या घराने बघितलंय. कोंबड्या बारापर्यंत उपाशी राहिल्या तरी चालतील.

फोन रित्सुकोने उचलायचा. आणि असेल ते सांगायचं, सगळं.